प्रारब्ध आणि प्रतिपिंडे

होळीच्या सुमारास बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराई येथे सैलानी बाबांच्या दर्ग्याकडे जे नाना तऱ्हेचे दुःखी जीव लोटतात, त्यांत ‘बाहेरचे लागले’ म्हणून आणलेली माणसे पुष्कळ असतात. आणि घरातील एखाद्या तरुण स्त्रीचे गर्भ वारंवार पडले, पुढे तिला लकवा मारला, की प्रथम करणीचा नाही तर पूर्वकर्माचा तपास सुरू व्हावा, ही आपल्याकडची जुनी वहिवाट आहे.

ह्या दोन्ही दुःखांचे मूळ कधीकधी एकच असते, हे १९८३ च्या सुमारास लंडनमध्ये ग्रॅहम ह्यूज व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. रक्षणासाठी निर्माण झालेली प्रतिपिंडे फॉस्फोलिपिडांशी संलग्न अशा स्वकीय प्रथिनांवरच उलटतात, वाहिन्यांचे अंतःस्तर प्रक्षुब्ध होतात, आणि मग रक्ताची गुठळी पायाच्या शिरेत धरली तर पाय सुजतो, मेंदूच्या धमनीत धरली तर अर्धे अंग लुळे पडते. वारेचे कार्य बिघडले तर गर्भ दगावतो. धमन्यांच्या भिंतीही कालांतराने जाड होऊ शकतात. गंमत अशी, की परीक्षानळीत हेच रक्त गोठण्यास उलट विलंब लावते!

गीतेच्या सहाव्या अध्यायात मनुष्य स्वतःच स्वतःचा शत्रू म्हटला आहे, त्याचा दाखला येथे जोडण्याचा मोह अनेकांना होईल. मला तो अस्थानी वाटतो. गीतेतला शत्रू असंयत मनाचा, त्याला संकल्प आहे. प्रतिपिंडाला संकल्प नाही. मग त्या बाईकडून कसली कैफियत मागता?

पाप गतजन्मीचे, हा प्रारब्धवाद्यांचा जबाब ठरलेलाच. परंतु चरकसंहितेच्या विमानस्थानात, तिसऱ्या अध्यायात, आयुष्य नियत की अनियत हे शिष्य अग्निवेशाने विचारले असता गुरू आत्रेय दैव व पुरुषकार दोन्ही मान्य करतात, आणि सर्वच नियत असते तर मंत्र, औषधी, शांतिकर्म यांचा खटाटोप व्यर्थ ठरला असता, असे बजावतात. म्हणजे ज्याला अंगारा मंजूर, त्याला औषध नामंजूर करण्याचा अधिकार उरत नाही. शेगावला गजानन महाराजांचे संस्थान मंदिराबरोबर दवाखानाही चालविते. त्यात भक्तांना विसंगती दिसलेली नाही.

रक्तात ही प्रतिपिंडे आढळली तर किमान बारा आठवड्यांनी फेरतपासणी होते. गुठळीचा विकार ठरला की गुठळ्या रोखणारे वॉर्फरिन, बहुधा जन्मभर. गर्भवतीस ते सहसा वर्ज्य, तिला हेपरिन व ॲस्पिरिन. घरात कुणाला ऐन तारुण्यात लकवा मारला असेल, तर डॉक्टरांकडे ह्या प्रतिपिंडांच्या चाचणीची विचारणा अवश्य करावी. दर्शन केव्हा घ्यावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. लकवा मारताक्षणी मात्र इस्पितळ गाठावे, कारण गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते.