पौल निघाला, ती दोघं थांबली

बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उपासनेत सहसा कुणी वाचत नाही. नुसती नावं आणि नुसते सलाम. माझं लक्ष मात्र नेमकं तिथेच जातं. पाळकाची बायको म्हणून जन्म काढला की प्रवचनापेक्षा त्याच्यामागे कोण राबतंय, तेच आधी दिसतं.

मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस झाली की सलामांत पहिला मान प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याचा. पौलासाठी यांनी आपला जीव धोक्यात घातला होता. अक्विल्ला मूळचा काळ्या समुद्राकाठच्या पंत प्रांतातला. सम्राट क्लौद्याने साधारण इ. स. 49 मध्ये यहुद्यांना रोम सोडायला लावलं, तेव्हा दोघं करिंथात आली. त्याच सुमारास पौलही अथेन्सहून तिथे पोचला. धंदा एकच, तंबू करण्याचा. म्हणून तो त्यांच्याच घरी राहिला आणि त्यांच्याबरोबर कामाला बसला. करिंथातला त्याचा मुक्काम दीड वर्षाहून कमी नव्हता. ताडपत्रीला दाभणाने टाके घातलेल्या कुणालाही विचारा, चार हात शिवण झाली की बोटं सुजतात. पौलाच्या शिकवणीइतकीच ही सुजलेली बोटंही मला सेवेचा भाग वाटतात.

पुढे पौल त्यांना घेऊन इफिसास गेला. तो जहाजाने पुढे निघाला. ही दोघं तिथेच राहिली. एकनिष्ठ म्हणजे गुरूची पाठ न सोडणारा, असं आपण धरून चालतो. मला तसं वाटत नाही. पौलाच्या मागोमाग जाणं सोपं होतं. परक्या शहरात घर मांडून त्याच्यामागे काम चालू ठेवणं अवघड.

तेवढ्यात अलेक्झांड्रियाचा अपुल्लो इफिसात आला. मोठा वक्ता, शास्त्रात पारंगत, पण बाप्तिस्मा ठाऊक होता तो फक्त बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा. दोघांनी सभास्थानात त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. चारचौघांत त्याला टोकलं नाही. आपल्याकडे नेऊन त्याला देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. चूक दाखवायची आणि माणूसही राखायचा, हे ज्याला जमतं त्यालाच मी सोबती म्हणेन.

तोच अपुल्लो पुढे करिंथात गाजला आणि तिथे तट पडले. कुणी म्हणे मी पौलाचा, कुणी म्हणे मी अपुल्लोचा. मी प्रिस्किल्लेचा, असं म्हटल्याची मात्र कुठेच नोंद नाही. ज्या पत्रात पौल या तटबाजीला झापतो, त्याच पत्राच्या शेवटी करिंथकरांना या जोडप्याचा आणि त्यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीचा सलाम आहे.

याचा अर्थ पौलाच्या सगळ्या जोड्या टिकल्या असा नाही. मार्क या सहकाऱ्याला बरोबर न्यायचं की नाही, यावरून त्याचं आणि त्याचा आधीचा सोबती बर्णबा याचं इतकं बिनसलं की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. तरी काम थांबलं नाही. एका वाटेच्या दोन झाल्या. निष्ठा माणसाशी असावीच, पण तिचं मूळ कामात हवं. नाहीतर माणूस गेला की तीही जाते.

पाळकांची बदली झाली की आम्ही सामान बांधतो. मंडळी तिथेच असते. म्हणून नव्या गावी गेल्यावर आधी कोण पाळक होते, हे मी नंतर विचारते. आधी विचारते, मधल्या काळात प्रार्थना कुणाच्या घरी भरत होती?