आधी मूळ, मग चित्रपट?

मांगावर, म्हणजे नियतकालिकांतून क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या जपानी चित्रकथेवर, आधारलेला चित्रपट आला की अलीकडे त्याचे मोजमाप एका ठरावीक रीतीने होते : पानावरील चौकट आणि पडद्यावरील दृश्य शेजारी ठेवायचे, साम्य तपासायचे आणि साम्य जितके अधिक तितका चित्रपट मुळाशी इमान राखणारा, असा निर्वाळा द्यायचा. या रीतीमागे मूळ कृतीवरील खरे प्रेम आहे, हे नाकारण्याचे कारण नाही; परंतु हे प्रेम मूलनिष्ठेची कल्पना इतकी आक्रसून टाकते की ज्यांनी मांगा आणि चित्रपट यांचे नाते घडवले, त्यांच्याच श्रेष्ठ कृती या कसोटीवर नापास होतात.

आरंभीच्या काळात हा प्रश्न फारसा टोकदार नव्हता. ओसामु तेझुका यांच्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ची दूरचित्रवाणी मालिका १९६३ मध्ये सुरू झाली ती त्यांच्याच संस्थेतून, आणि खर्च व वेळ वाचवण्यासाठी त्यांनी हलत्या चित्रांची संख्या बेताने कमी ठेवली. १९७२ ते १९७४ या काळात आलेल्या ‘लोन वुल्फ अँड कब’च्या सहा चित्रपटांपैकी बहुतेकांच्या पटकथा मांगाचे लेखक काझुओ कोइके यांनीच लिहिल्या, आणि मांगा मात्र त्यानंतरही १९७६ पर्यंत चालूच होती. चित्रकथा आणि चित्रपट समांतर चालत. एकाने दुसऱ्याच्या मागे यावे, असा दंडक नव्हता.

खरा पालट १९८४ नंतरच्या दशकात झाला आणि त्याचाच अर्थ सर्वाधिक चुकीचा लावला जातो. हायाओ मियाझाकी यांची ‘नौसिका’ १९८२ मध्ये ‘अ‍ॅनिमेज’ मासिकात सुरू झाली, त्यांनीच दिग्दर्शित केलेला चित्रपट मार्च १९८४ मध्ये आला आणि सात खंडांची मांगा पूर्ण झाली ती १९९४ मध्ये. तरीही चित्रपट हा सात खंडांचा दोन तासांत बसवलेला संक्षेप आहे असे गृहीत धरले जाते, आणि शुवा येथील प्राचीन भांडार त्यात नाही, महायोद्ध्याचे मन त्यात नाही, अशी गाळलेल्या गोष्टींची यादी केली जाते. चित्रपट तयार होत होता तेव्हा हा भाग रचलाच गेला नव्हता. जे अस्तित्वात नव्हते ते गाळता येत नाही. आणि हा कालक्रम एकदा ध्यानात घेतला की तुलनेची दिशाच उलटते.

चित्रपटात विषारी अरण्य निसर्गाच्या स्वयंप्रेरणेने भूमी शुद्ध करत असते, निळ्या वस्त्रातील त्रात्याचे भाकीत खरे ठरते आणि नौसिका मरणातून परत येते. या शेवटाच्या धार्मिक छटेविषयी मियाझाकी यांना पुढे अस्वस्थता वाटत राहिली. मांगाच्या उत्तरार्धात यांतील एकही आधार शाबूत राहत नाही. अरण्य हे प्राचीन मानवांनी शुद्धीकरणासाठी मुद्दाम घडवलेले साधन होते, हे तेथे उघड होते. प्रदूषणात जगता यावे म्हणून माणसांचे देहही बदललेले असल्यामुळे ज्या निर्मळ हवेची आस धरली, तीच त्यांना मारक ठरणार असते. चित्रपटात अर्धवट घडून वितळणारा महायोद्धा येथे नौसिकेला आई म्हणतो, आणि त्याच्याच साहाय्याने ती भावी निर्दोष मानवजातीची बीजे साठवलेले शुवाचे भांडार उद्ध्वस्त करते. सोव्हिएत संघाचे विघटन आणि युगोस्लाव्हियातील युद्ध यांचाही या काळात मियाझाकी यांच्या विचारावर परिणाम झाला, त्यामुळे सारे श्रेय चित्रपटाला देता येणार नाही. पण चित्रपटाने दिलेल्या दिलाशाची मांगाने केलेली इतकी कसून उलटतपासणी पाहता, उत्तरार्धापुरता तरी चित्रपटच मूळ आणि मांगा त्याचे उत्तर, असे म्हणणे अधिक यथार्थ आहे. कात्सुहिरो ओतोमो यांचा ‘अकिरा’ हेच सांगतो : चित्रपट १९८८ चा, मांगाची समाप्ती १९९० ची, आणि मांगात मध्यावर होणाऱ्या महानगराच्या विध्वंसानंतर त्या भग्न शहरात उभे राहिलेले राज्य चित्रपटाच्या कक्षेतच येत नाही.

साम्यालाच निष्ठा मानल्याने काय हाती लागते, हे २०१७ च्या हॉलिवूडी ‘घोस्ट इन द शेल’मध्ये दिसते. मासामुने शिरो यांच्या मांगावरून मामोरू ओशी यांनी १९९५ मध्ये केलेल्या अ‍ॅनिमेशनपटाने मांगाचा खेळकरपणा जवळजवळ पुसून टाकला, परंतु यंत्रदेहातील ‘स्व’ म्हणजे नेमके काय, हा तिचा प्रश्न इतका पुढे नेला की नायिका अखेरीस दुसऱ्या अस्तित्वात विलीन होऊन नवे रूप घेते. नव्या चित्रपटाने ओशींची उंचावरून घेतलेली झेप आणि पाण्यातील झुंज निष्ठेने पुन्हा उभी केली. कथा मात्र हिरावलेला भूतकाळ परत मिळवण्याची केली आणि विलीन होण्याचे आवाहन नायिकेकडून नाकारवले. दृश्ये राखली गेली, प्रश्न मात्र उलटा झाला.

मियाझाकी किंवा ओतोमो हे स्वतःच मूळ कर्ते होते, म्हणून त्यांना ही मोकळीक शोभते, असा आक्षेप येथे घेतला जाईल. ताकेहिको इनोउए यांनी २०२२ मध्ये ‘स्लॅम डंक’मधला शेवटचा सामना नायक साकुरागीऐवजी मियागीच्या आयुष्यातून सांगितला, तेव्हा ते मान्य करणाऱ्या अनेकांचा युक्तिवाद हाच असू शकतो. परंतु ओशी हे मूळ कर्ते नव्हते आणि पार्क चान-वूक तर जपानीही नव्हते. त्यांच्या २००३ च्या ‘ओल्डबॉय’ने गारोन त्सुचिया आणि नोबुआकी मिनेगिशी यांच्या मांगातून विनाकारण वाटणाऱ्या कैदेची कल्पना घेतली, दहा वर्षांची कैद पंधरा वर्षांची केली आणि कैदेमागील कारण पूर्णतः वेगळे रचले; मांगातील सूडाचे कारण बाहेरून क्षुल्लक भासणारे आणि म्हणूनच अस्वस्थ करणारे आहे, तर चित्रपटातील कारण शोकात्म नाटकाच्या तोलाचे आहे. यानंतरच ती मांगा इंग्रजीत आली आणि २००७ मध्ये तिला आयझ्नर पुरस्कार मिळाला; चित्रपट पाहून तिच्याकडे वळलेल्या वाचकाला तिच्यात पडद्यावरचे रहस्य सापडत नाही, तर त्याच कैदेला दिलेले दुसरे उत्तर सापडते.