नाव नसलेला आवाज

दारावर थाप पडली की आतून विचारतात, 'कोण?' बाहेरचा म्हणतो, 'मी.' घरचा माणूस असेल तर तेवढ्यावर कडी निघते. आवाज हीच त्याची ओळख असते. परका असेल तर मात्र 'मी' म्हणजे कोण, हे कळत नाही. हदीसमध्ये असा एक प्रसंग येतो. हजरत जाबिर (र.) यांनी पैगंबरांच्या दारावर थाप दिली, आतून 'कोण?' असे विचारले गेले आणि ते 'मी' म्हणाले. पैगंबरांना हे उत्तर आवडले नाही. दाराशी आलेल्याने आपले नाव सांगावे, असा संकेत त्यातून पुढे रूढ झाला.

या प्रसंगाची आठवण आम्हांला झाली ती मात्र एका वेगळ्याच दाराशी. ते दार आमच्या भाच्याच्या खोलीतल्या संगणकात होते.

इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायचे खेळ आता आपल्या घराघरांत आले आहेत. आरंभी या खेळांत बोलणे म्हणजे टंकलेखन होते. पडद्याच्या कोपऱ्यात दोन ओळी टाइप करायच्या, समोरच्याने त्या वाचायच्या. पण २००४ साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ आला, त्यात एका मोहिमेवर चाळीस-चाळीस जण एकदम जात. दोन्ही हात लढण्यात गुंतलेले असताना टाइप कोण करणार? त्यासाठी खेळाच्या जोडीला वेगळी ध्वनिसाधने लावण्याची रीत पडली. टीमस्पीक आणि व्हेंट्रिलो आधीपासून होतीच, २००५ साली मम्बल आले. मम्बलमध्ये तर अशी सोय आहे की खेळातले पात्र ज्या दिशेला उभे असेल त्याच दिशेने त्याचा आवाज कानावर येतो. २००७ साली 'वॉरक्राफ्ट'ने स्वतःच आवाजाची सोय केली, आणि २०१५ साली डिस्कॉर्ड आले तेव्हा हे सारे पोराटोरांच्या हातातले झाले.

ही सोय सगळ्यांनाच रुचली असे नाही. रिचर्ड बार्टल यांनी १९७८ साली रॉय ट्रबशॉ यांच्याबरोबर इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात अशा खेळांचा पहिला नमुना उभा केला. तो निव्वळ अक्षरांचा खेळ होता. याच बार्टल यांनी २००३ साली, आवाजाची घाई करू नका, असा इशारा दिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : कल्पित जगात माणूस दुसरे काही होऊन पाहतो. आवाज आला की त्याच्याबरोबर वास्तव जगही आत शिरते. वय, लिंग, प्रांत, बोली यांतले काहीच मग लपत नाही.

याची दुसरीही बाजू आहे. २००७ साली विल्यम्स, कॅपलन आणि शिओंग या अभ्यासकांनी 'वॉरक्राफ्ट' खेळणाऱ्यांवर एक प्रयोग करून पाहिला. काहींना आवाजाची सोय दिली, काहींना अक्षरांवरच ठेवले. आवाज ऐकणाऱ्यांमध्ये आपुलकी आणि विश्वास वाढल्याचे त्यांना आढळले. आपल्यालाही हे नवे नाही. आखातात नोकरी करणाऱ्या मुलाच्या पत्रापेक्षा त्याने पाठवलेली कॅसेट आई पुन्हा पुन्हा का ऐकत असे? अक्षरात मजकूर येतो, आवाजात माणूस येतो.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगतो. भाचा कॉलेजात आहे. पाच-सहा जणांच्या संघाचा एक खेळ तो खेळतो. बरोबरची पोरे कुणी पुण्याची, कुणी नागपूरची. कुणी कुणाला पाहिलेले नाही. प्रत्येकाने टोपणनाव घेतलेले. भाच्याचे मराठी अस्सल कोल्हापुरी. त्याच्या शिव्यांवर आणि विनोदांवर तो संघ खूश होता. तीन महिने दोस्ती चांगली रंगली. एका रात्री माइक उघडा होता आणि आमच्या बहिणीने स्वयंपाकघरातून हाक मारली, 'उठ रे बेटा, खाना ठंडा हो रा. अब्बा बैठे हैं तेरे वास्ते.'

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग एक जण म्हणाला, 'अरे, तू मुसलमान आहेस? तुझ्या मराठीवरून कधी वाटलं नाही रे.' दुसऱ्याने विचारले, 'मग उद्या मॅच कुणाच्या बाजूनं बघणार?' सगळे हसले. भाचाही हसला. दुसऱ्या दिवसापासून तो हेडफोन लावून बसू लागला, पण माइक बंद ठेवून. सांगायचे ते टाइप करून सांगू लागला.

ती पोरे दुष्ट होती असे आम्हांला वाटत नाही. पहिल्या पोराने तर बहुधा कौतुकच केले होते. 'तुमचं मराठी छान आहे हं', हे कौतुक आपल्यापैकी कुणाच्या वाट्याला आले नाही? ज्या भाषेत आपण रडायला शिकलो तिच्याबद्दल पाहुण्यासारखी शाबासकी मिळते, आणि ती हसून घ्यावी लागते. पण येथे एक नैतिक प्रश्न आहे आणि तो नीट मांडला पाहिजे. भाच्याने तीन महिने फसवणूक केली काय?

आमचे उत्तर नाही असे आहे. त्याने धर्म लपवला नव्हता. तो कुणी विचारलाच नव्हता. ऐकणाऱ्यांनी मराठी ऐकले आणि उरलेला माणूस आपल्या मनाने रचला. खोटे बोलणे वेगळे आणि दुसऱ्याचा गैरसमज खोडायला न धावणे वेगळे. त्या गैरसमजाचा आधार घेऊन आपण काही लाटले, तर तो फसवणुकीच्या जवळ जातो. भाच्याने लाटले ते काय? जरा मोकळेपणा. आणि तो त्याच्या हक्काचाच होता.

मग माइक बंद करणे हा त्याचा हक्क, की त्याचा पराभव? येथे आम्हांला बायकांची आठवण होते. 'हेलो ३' या खेळात एका अभ्यासात आधी ध्वनिमुद्रित केलेली साधीच वाक्ये कधी पुरुषाच्या, कधी स्त्रीच्या आवाजात ऐकवली गेली, आणि कधी आवाजच दिला नाही. २०१३ साली तो छापून आला. स्त्रीच्या आवाजाला मिळालेली वाईट उत्तरे इतर दोहोंच्या सुमारे तिप्पट होती. सबब पुष्कळ मुली खेळतात त्या मुक्याने. आपल्याकडेही बाईचा आवाज परक्याच्या कानी पडू नये असे म्हणणारे आहेत. दोन्हीकडचा निकाल एकच : दोष ऐकणाऱ्याचा, आणि गप्प बसायचे बोलणाऱ्याने. हजरत आयशा (र.) पडद्याआडून शिकवीत आणि मोठमोठे विद्वान अलीकडे बसून शिकत, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या पडद्याने चेहरा झाकला, आवाज झाकला नाही. आणि अलीकडे बसलेल्यांनी आपल्या कानांची अदब सांभाळली. ती अदब नसेल तर कितीही पडदे लावा, उपयोग नाही.

गप्प राहण्याचा हक्क खराच आहे. पण हक्क तेव्हाच हक्क, जेव्हा बोलण्याची वाटही उघडी असते. भीतीने दाबलेल्या बटणाला निवड म्हणता येत नाही.

बटणावरून आठवले. या साधनांत बोलण्याच्या दोन तऱ्हा असतात. एकीत माइक सदा जागा राहतो. ठराविक पातळीवर आवाज गेला की तो पलीकडे धाडून देतो, मग तो तुमचा असो, पंख्याचा असो की स्वयंपाकघरातल्या आईचा. दुसरीत बटण दाबून धरले तरच आवाज जातो. आम्हांला दुसरी तऱ्हा अधिक नैतिक वाटते. त्या बोटात नियत आहे. मी आता बोलणार आहे, हे मी ठरवले, आणि माझ्या घरातल्या माणसांना त्यांच्या नकळत मी परक्यांच्या बैठकीत नेत नाही. आमच्या बहिणीला आजही ठाऊक नाही की तिची हाक चार शहरांत ऐकली गेली. मुलाला जेवायला बोलावण्यात तिची काय चूक? तरी भाचा त्या दिवशी तिच्यावर चिडला होता. आम्हांला सर्वांत जास्त लागले ते हेच. परक्यांच्या हसण्याने पोराला आपल्या आईच्या बोलीची लाज वाटावी, यापरते नुकसान कोणते?

आम्ही त्याला समजावले. हजरत जाबिर यांचा प्रसंग सांगितला. म्हटले, 'दाराशी गेल्यावर आधी नाव सांगावं. मग पुढे कुणी दचकत नाही.' त्याने ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, 'मामू, नाव आधी सांगितलं तर आवाज ऐकायला कोण थांबणार?'

आमच्याजवळ लगेच द्यायला उत्तर नव्हते. घर भाड्याने घ्यायला आम्ही स्वतः फोन करतो तेव्हा आधी खोल्या किती, पाणी किती वेळ येते, हेच विचारतो. नाव शेवटी सांगतो. पलीकडचा स्वर नेमका कुठे बदलतो हे आम्हांला पाठ आहे. जे आम्ही वयाच्या पन्नाशीत करतो तेच तो पोरगा विसाव्या वर्षी करत होता, आणि आम्ही त्याला शिष्टाचार शिकवायला निघालो होतो.

तरीही जाबिर यांचा प्रसंग आम्ही सोडत नाही. फक्त तो आता दुसऱ्या बाजूने वाचावा असे वाटते. नाव सांगण्याची जबाबदारी बाहेरच्याची, हे खरे. पण 'कोण?' हा प्रश्न आतला माणूस विचारतो, आणि नाव ऐकल्यावर कडी काढायची की नाही, हेही त्याच्याच हाती असते. आपल्या दाराशी उद्या कुणी दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या बोलीचा, दुसऱ्या फिरक्याचा माणूस उभा राहून नाव सांगेल, तेव्हा आपला स्वर बदलतो का, हे आधी आपल्याच कानांनी ऐकले पाहिजे.

परवा भाच्याच्या खोलीवरून जाताना आतून बोलण्याचा आवाज आला. तो बटण दाबून, दबक्या स्वरात कुणाला तरी मोहिमेची वाट सांगत होता. दार मात्र आतून बंद होते. जेवण तयार झाले होते. हाक न मारता बहिणीने दारावर हळूच टकटक केली. तिला हे कुणी शिकवले, आम्ही विचारले नाही.