पोटाची वाट कोणती धरावी?



कार्तिकी वारीहून परतून चार दिवस झाले असतील, आमच्या गावातला एक मुलगा ओट्यावर येऊन बसला. बारावी झालेली आहे. पहाटे सडकेवर १६०० मीटर धावतो, कारण पोलीस भरतीला तेवढे धावावे लागते. संध्याकाळी हरिपाठात टाळ धरतो. गळा गोड आहे. बापाची तीन एकर कोरडवाहू जमीन. पाया पडून म्हणाला, "महाराज, भरतीचा फॉर्म भरू, का आळंदीला जाऊ? मला कीर्तनकार व्हायचंय. बाप म्हणतो दोन्ही नको, रान सांभाळ."

मी पन्नास वर्षे कीर्तनाला उभा राहिलो. शंका विचारायला आलेल्याला चटकन दृष्टांत देऊन वाटेला लावायची जिभेला सवय. त्या दिवशी जीभ उचलली नाही. तेव्हापासून मनात तेच घोळते आहे, ते तुमच्यापुढे मांडतो.

एक गोष्ट आधी सांगतो. हा प्रश्न आपल्या संतांना कुणी विचारलाच नव्हता. अरणचे सावतोबा माळी, कारण बाप माळी. तेरचे गोरोबाकाका कुंभार, पंढरपूरचे नरहरी महाराज सोनार, तसेच. जे वाट्याला आले ते त्यांनी केले आणि त्यातच देव पाहिला. सावतोबा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, पांडुरंगच मळ्यात आला, असे आपण सांगतो. आपले काम हीच ईश्वराची पूजा, हे माउलींनी ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात समजावले आहे. मी ते गावोगाव सांगितले आणि माना डोलताना पाहिल्या. पण त्याच तोंडाने चोखोबांची कथाही सांगितली. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर राबताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले, इ. स. १३३८ मध्ये. ते काम त्यांनी निवडले नव्हते. 'वाट्याला आलेले गोड मानून घे' हे ज्याच्यावर काम लादलेले असते त्याला सांगणे फार सोपे असते, आणि सांगणारा बहुधा सावलीत बसलेला असतो. मीही बसलो होतो. म्हणून आज एका कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा 'कोणती वाट धरू' असे विचारू शकतो, याचा मला आधी आनंदच झाला.

आता तीन वाटा पाहू. शेतीत कुणाची हांजी हांजी नाही, एकादशी पाळता येते, वारीला निघायचे तर साहेबाची सही लागत नाही. पण पेरणीचा मुहूर्त आणि पालखीचा मुक्काम एकाच महिन्यात येतात, आणि तीन एकरांवर पाऊस रुसला की सोसायटीचे कर्ज दारात. आणि सावतोबांच्या मळ्याला पाणी होते, हे आपण कथेत विसरतो.

पोलिसाची नोकरी म्हणजे पहिल्या तारखेला पगार, आईबापाच्या औषधाची सोय. लोक म्हणतील, त्यात कसला परमार्थ? मी आषाढीला पंढरपुरात बंदोबस्ताचे शिपाई पाहिले आहेत. वाळवंटात चुकलेल्या म्हाताऱ्यांचा हात धरून दिंडीपर्यंत पोहोचवतात, आणि स्वतःला कळसाच्या दर्शनावरच परतावे लागते. त्यांची वारी वारी नव्हे असे म्हणायला माझी जीभ धजत नाही. त्या खात्यात हात ओले व्हायचे प्रसंग येतात, हेही खरे. तसे बांध कोरण्याचे प्रसंग शेतीतही येतात, आणि वाण्याच्या तागडीत तर येतातच.

आता तिसरी वाट, माझी. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून किती गरिबांची मुले तिथे माधुकरी मागून शिकली. चार वर्षांचा अभ्यास, शिवाय पुढे आयुष्यभर पाठांतर. हे करणाऱ्याने खायचे काय? कीर्तनाच्या गावी जेवणही नको, मग पैशाची गोष्ट दूरच, असा तुकोबांचा दंडक. तो मला पाळता आला नाही. मी बिदागी घेतली. पखवाजवाल्याला घर होते, मलाही होते. बिदागी घेणारा प्रत्येक जण लबाड, असे मी आजही म्हणणार नाही. पण ती घेताना आत काय काय होते, ते त्या मुलाला कळले पाहिजे असे वाटते.

पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. चाळीस उंबऱ्यांच्या एका वाडीचा सप्ताह. काल्याचे कीर्तन माझे, शब्द देऊन तीन महिने झालेले. सप्ताह बसल्यावर तालुक्याच्या गावाहून माणूस आला, त्यांचे महाराज आजारी पडले होते. तिथे मोठा मंडप, मोठी बिदागी. मी वाडीला निरोप धाडला की मला ताप आहे.

काल्याच्या दिवशी मी तिकडे उभा होतो. वाडीत त्यांनी आपले आपणच भजन केले, दहीहंडी फोडली. दुपारी त्यांचे म्हातारे विणेकरी दहा मैल चालत माझ्या घरी आले. महाराजांना ताप आहे म्हणून कडुनिंबावरची गुळवेल तोडून आणली होती, पंच्यात बांधून. घरी मंडळींना मी काय निरोप धाडला ते ठाऊक नव्हते. त्या सहज बोलून गेल्या, "ते तर काल्याला गेलेत." म्हातारबुवांनी पाणी घेतले, गुळवेल ओट्यावर ठेवली आणि निघून गेले. मी रात्री आलो तेव्हा ती तिथेच होती. मंडळींनी विचारले एवढेच, "हिचं काय करायचं?"

वाण्याने मापात मारले तर त्याला कळते की आपण मारले. मी त्या दिवशी खोटे बोलून 'सत्य' या विषयावर दोन तास बोललो, आणि शेवटी माणसे रांगेने माझ्या पाया पडली. परमार्थाच्या धंद्यातला धोका तो हाच. इथे चोरी केली तरी वरून बुक्का लागतो.

दुसरा हिशेबही आहे. वर्षातले दोनशे दिवस मी बाहेर. रान मंडळींनी केले, मुलांची शाळा त्यांनी पाहिली, सासऱ्याचे शेवटचे दुखणे त्यांनी काढले. लोक मला त्यागी म्हणत. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली तेव्हा, परंपरा सांगते, आधी भावाच्या वाटणीची अर्धी खते त्याच्या हाती दिली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली. मी कथा सांगताना इंद्रायणीवर जोर देत असे. ती वाटणी दोन शब्दांत उरकत असे. मी जे सोडले त्यात अर्धे माझे नव्हते.

तरी, वाचकहो, मला पुन्हा विसाव्या वर्षी उभे केले तर मी कदाचित तीच वाट धरीन. रात्रीच्या कीर्तनात एखाद्या क्षणी टाळ, पखवाज, माणसे सगळे एक होते, ते मला दुसरीकडे मिळाले नसते. पण या वेळी मंडळींना विचारून धरीन.

परवा मुलगा पुन्हा आला. हे सगळे त्याला सांगितले, गुळवेलीसकट. भरतीचा फॉर्म भर म्हणालो, नापास झालास तर आळंदी कुठे जात नाही, आणि पास झालास तरी कुठे जात नाही. बापाशीही एकदा बस. त्याने ऐकून घेतले. थोड्या वेळाने विचारले, "महाराज, त्या दिवशी तिकडे किती मिळाले?"

"२५१."

"आणि वाडीचे किती ठरले होते?"

"५१ आणि नारळ."

तो काही बोलला नाही. पाया पडला आणि हरिपाठाची वेळ झाली म्हणून देवळाकडे गेला.