देवाची वाणी कोणती व आपल्या मनाची कोणती?

गावोगावच्या मंडळ्यांना भेटी देत असता हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यात येतो, आणि विचारणारे बहुधा साधे, भाविक लोक असतात. ते म्हणतात, "पाळकसाहेब, आम्ही नित्य प्रार्थना करितो, रविवारी उपासनेस जातो, परंतु देव आम्हांशी बोलतो असे काही आम्हांस कळत नाही." दुसरे कित्येक याच्या अगदी उलट. त्यांना देव घडोघडी सांगत असतो. बांधाच्या तंट्यावरून शेजाऱ्याशी बोलणे टाकावे हे देवानेच सांगितले. मुलगी अमक्याच घरी द्यावी हेही देवानेच. आम्हां उपदेश करणाऱ्यांतही असा मनुष्य विरळा नाही की, ज्याला मोठ्या गावी बदली हवी असली म्हणजे तिकडून देवाचे पाचारण ऐकू येऊ लागते. (लहान गावाकडून असे पाचारण आल्याचे आम्ही क्वचितच ऐकिले आहे.)

पहिल्या प्रकारच्या बंधुभगिनींविषयी आम्हांस फारशी चिंता वाटत नाही. त्यांनी होरेब डोंगरावरील एलीयाची गोष्ट वाचावी. तेथे वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी पेटला. परंतु परमेश्वर त्यांत नव्हता. मागाहून जो मंद शब्द आला त्यात तर एक प्रश्नच होता की, तू येथे काय करीत आहेस? असा प्रश्न नांगराच्या मागे चालताना किंवा चुलीपुढे बसले असता ज्याच्या मनाला टोचला नाही, असा विश्वासी कोण आहे? मात्र त्यास आपण देवाची वाणी म्हणून ओळखीत नाही, इतकेच.

दुसऱ्यांची गोष्ट अधिक कठीण आहे, आणि तिच्यासाठी शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा तिसरा अध्याय आपण सावकाश वाचिला पाहिजे. मुलगा मंदिरात निजला आहे. हाक येते. ती त्याला इतकी ओळखीची वाटते की तो उठून धावत म्हाताऱ्या एलीकडे जातो. एकदा नव्हे, तीनदा. ही हाक कोणाची, हे त्याचे त्याला कळत नाही. ते कळते एलीला. आणि एली कोण? ज्याची दृष्टी मंद झाली होती, आणि ज्याचे पुत्र हफनी व फिनहास यज्ञाचे मांस लोकांपासून बळाने घेत असता ज्याच्याने त्यांस आवरवले नाही, असा मनुष्य. तरी मुलाने कसे उत्तर द्यावे, हे त्यानेच शिकविले. यावरून आम्हांस असे वाटते की, ज्याला आपण देवाची वाणी समजतो ती मंडळीतील एखाद्या वडील मनुष्यापुढे मांडण्यास आपण भीत असू, तर तिच्याविषयी संशय धरावा. तो वडील मनुष्य निर्दोष असलाच पाहिजे असे नाही.

आता त्या रात्री शमुवेलाने ऐकिले तरी काय? त्याच्या लाभाचे एक अक्षर नाही. ज्याने त्याला वाढविले त्याच्याच घराण्याचा न्याय! ज्या मनुष्याचा देव सर्वदा त्याच्या इच्छेप्रमाणेच बोलतो, त्याने हे ऐकणे कोणाचे चालले आहे याचा विचार करावा. तथापि जे कडू ते सर्व देवाचे, असेही आमचे म्हणणे नाही. कठोर स्वभावाचा मनुष्य आपल्याच कठोरपणाला देवाची आज्ञा समजतो, आणि त्याचे घरातील माणसांना भोगावे लागते. म्हणून शुभवर्तमान रोज थोडे वाचावे. वाचता येत नसेल त्याने घरातील मुलाकडून वाचून घ्यावे. ख्रिस्त कोणाशी कसा वागला हे ज्याच्या कानावर नित्य पडते, त्याला परका आवाज लवकर ओळखू येतो.

आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण पुष्कळांना ठाऊक आहे. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईस झाला. लक्ष्मीबाईंनी तेव्हा त्यांची वाट धरिली नाही. वियोगाचे दुःख सोसले, पण सोवळे सोडिले नाही. पुढे एके दिवशी त्यांच्या मनात आले की, जाती देवाने केल्या की मनुष्याने? पशूंच्या जाती दिसण्यात वेगळ्या. माणसे तर सारखीच जन्मतात व मरतात. त्यांचा निश्चय झाला, आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्या सिद्ध झाल्या. 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात त्यांनी हे लिहून ठेविले आहे. येथे आकाश उघडले नाही. पण जे उत्तर मिळाले ते त्यांच्या जन्माच्या सवयीविरुद्ध होते, आणि त्यामुळे त्यांना कनिष्ठ मानिलेल्या शेजाऱ्यांच्या पंक्तीस बसता आले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ऐकण्यापेक्षा ऐकिलेले सांगणे कित्येकदा जड जाते. शमुवेल सकाळपर्यंत निजून राहिला, मग उठून त्याने नित्याप्रमाणे परमेश्वराच्या मंदिराची दारे उघडिली. एलीला सांगण्यास तो भीत होता. शेवटी एलीनेच त्याला जवळ बोलाविले आणि काहीही लपवू नको म्हणून बजाविले. तेव्हा मुलाने सर्व सांगितले, व म्हाताऱ्याने ते परमेश्वराचे म्हणून मान्य केले.