व्होल्टेज नाही, हे कळते कसे?

एखादी वस्तू ‘नाही’ हे ज्ञान कशाने होते, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद. जमिनीवर घट नाही हे कळते, पण डोळ्यांना दिसते ती नुसती जमीन. नैयायिक म्हणतात, अभावही प्रत्यक्षानेच कळतो. कुमारिल भट्टांचे अनुयायी आणि अद्वैती त्यासाठी अनुपलब्धी हे वेगळे, सहावे प्रमाण मानतात; प्राभाकर मीमांसक ते नाकारतात. या वादातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे योग्यतेची अट. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी स्थिती असेल तरच न दिसणे हा पुरावा ठरतो. अंधारात घट दिसला नाही, एवढ्यावरून तो नाही असे म्हणता येत नाही.

मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हपुढे ही अट जीवन-मरणाची ठरते. ४१५ व्होल्टचा थ्री-फेज सप्लाय आत रेक्टिफाय होतो आणि डीसी बसच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ५८५ व्होल्ट साठतात. मेन स्विच पाडला, डिस्प्ले विझला, मोटर थांबली, तरी हे व्होल्टेज काही मिनिटे टिकून राहते. चार्जचा दिवा विझला यालाही अर्थ नाही, कारण दिवाच गेलेला असू शकतो. व्होल्टेज असतानाही हे सारे असेच दिसले असते.

झाकणावर थांबण्याची वेळ छापलेली असते. लहान ड्राइव्हवर बहुधा ५ मिनिटे, मोठ्यांवर अधिक. ‘वेळ झाली, म्हणजे बस रिकामी’ हे अनुमान आहे, आणि तर्कशास्त्राच्या भाषेत ते सोपाधिक, म्हणजे आणखी एका अटीवर अवलंबून आहे. अग्नी असेल तिथे धूर असतोच असे नाही, ओले सरपण लागते. तसेच इथे डिस्चार्ज रेझिस्टर शाबूत असावा लागतो. तो तुटला असेल तर घड्याळ काहीच सिद्ध करत नाही. वेळ पाळायचीच, पण तिच्यावर विसंबायचे नाही.

राहते ते मापन. आधी मीटर खात्रीने चालू असलेल्या सप्लायवर लावून पाहायचा, मग डीसी रेंजवर बसच्या प्लस-मायनसला आणि दोन्हींपासून अर्थला, इनपुटच्या तिन्ही फेजना एसीवर, आणि शेवटी पुन्हा त्या पहिल्या सप्लायवर. रेंज चुकून एसीवर राहिली तर भरलेल्या बसवरही अनेक मीटर शून्याच्या आसपास आकडा दाखवतात. शेवटची तपासणी घाईत गाळली जाते, आणि खरे तर तीच सर्वांत महत्त्वाची. मधेच प्रोबची वायर तुटली असेल तर मिळालेले शून्य अंधारातल्या घटासारखे. मीटर आधी आणि नंतर चालत होता हे कळले, तरच मधले शून्य अनुपलब्धी म्हणून ग्राह्य.

हा अभावही त्या वेळेपुरताच. कायम चुंबकाची मोटर वाऱ्याने किंवा लोडने फिरली तर आपणच व्होल्टेज तयार करते. आयसोलेटर दुसऱ्या कुणीही चढवू शकतो. म्हणून आयसोलेटरला कुलूप लागते आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात राहते.

पुन्हा सप्लाय देताना प्रश्न प्रागभावाचा, म्हणजे कार्य उत्पन्न होण्यापूर्वीच्या अभावाचा येतो. रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्टसारखा करंट ओढतो. म्हणून बस आधी चार्जिंग रेझिस्टरमधून भरते, आणि पुरेशी भरल्यावर कॉन्टॅक्टर तो रेझिस्टर बायपास करतो. कॉन्टॅक्टर चिकटून राहिला असेल तर पुढच्या वेळी फ्यूज किंवा रेक्टिफायर उडतो. कॉन्टॅक्टर लागलाच नाही, तर लोड येताच रेझिस्टर जळतो. दुरुस्त केलेला ड्राइव्ह मोटर न जोडता सिरीज लॅम्पवर लावण्याची रीत आहे: दिवा क्षणभर उजळून मंदावला तर बस भरली, तेजच राहिला तर आत शॉर्ट आहे. मोटर जोडल्यावर मात्र सप्लाय येण्याआधी रन कमांड नाही याची खात्री करावी लागते, नाहीतर काही सेटिंगमध्ये मोटर सप्लायबरोबरच फिरू लागते.