माळ्यावरचे मशीन



आमच्या गावच्या विठ्ठल मंदिराच्या माळ्यावर व्हॉल्व्हचे एक जुने मशीन पडून होते. पूर्वी सप्ताहात त्याच्यावर कर्णा लागे आणि हरिपाठ शिवारापर्यंत ऐकू जाई. नवी यंत्रे आली, तसे ते पोत्यात गुंडाळले गेले. वीस-बावीस वर्षे कोणी हात लावला नाही. गेल्या सप्ताहाआधी तरुण मंडळींनी ते उतरवले, पुसले आणि प्लग लावायला निघाली. रेडिओ दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर तेथे बसले होते. ते म्हणाले, "महाराज, थांबवा त्यांना. एकदम वीज दिली तर आहे तेही जाईल."

कारणही त्यांनी सांगितले. आतल्या कंडेन्सरमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर असतो. वीज अडवून धरण्याचे काम तोच करतो. वर्षानुवर्षे वापर नसला की तो थर क्षीण होतो. मग एकदम पूर्ण दाब आला की वीज त्यातून झिरपते, कंडेन्सर तापतो, फुटतो. कधी ट्रान्सफॉर्मरही जळतो.

त्यांनी आधी फुगलेले, गळके कंडेन्सर बदलले. मग 100 वॉटचा बल्ब सिरीजमध्ये जोडला. तो भडक पेटून तसाच राहिला, तर आत दोष आहे असे समजायचे. पुढे व्हेरिअ‍ॅकने दाब थोडा थोडा वाढवत, मध्ये थांबत, त्यांनी अख्खा दिवस घालवला. बेताचा दाब मिळत राहिला की थर पुन्हा धरू लागतो. संध्याकाळी कर्णा बोलला.

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र एक जुनी गोष्ट आठवली. आमच्या दिंडीतला एक माळकरी व्यसनापायी पंधरा वर्षे दूर गेला होता. एका सप्ताहात तो येऊन मागे खांबाशी बसला. मी कीर्तनातच त्याला पुढे बोलावले, सर्वांसमक्ष शपथ घ्यायला लावली आणि रात्रीच्या पहाऱ्याला त्याच्या गळ्यात वीणा दिली. हेतू चांगलाच होता. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. पुढे कधीच आला नाही.

आपण विचाराल, नामाला कसली पायरी? ते तर पहिल्या उच्चारापासून पूर्णच आहे. खरे आहे. पण त्या रात्री मी त्याच्यावर नुसते नाम कुठे घातले होते? शपथ घातली, मान घातला, शंभर माणसांची नजर घातली. नामाचा भार होत नाही, माउली. भार आपण घालतो.

नुसते हळू जाऊनही भागत नाही. गळका भाग बदलावाच लागतो. त्याची संध्याकाळची संगत कोणती, ती सुटल्यावर त्याने बसायचे कोणापाशी, हे मी विचारलेच नाही. शपथ दिली की माझे काम संपले, असे मला वाटले.

मशीन दुरुस्त झाले. त्या माणसाला आता काही सांगावे, तर तो राहिला नाही. म्हणून आपणास सांगतो. यंदा आपल्या दिंडीत असा कोणी परतला, तर इतकी वर्षे कुठे होतास, असे विचारू नका. मागच्या ओळीत जागा द्या, हाती टाळ द्या, आणि संध्याकाळी पंगतीला त्याच्याशेजारी बसा. पुढे यायचे तेव्हा तो येईल.